सी-आर्मजवळ नेमके कुठे उभे राहावे?

प्रश्न थोडक्यात असा आहे. तालुक्याच्या गावातील एका अस्थिरोग रुग्णालयात दोन वर्षांपासून एक्स-रे तंत्रज्ञ म्हणून काम करणाऱ्या एका भगिनीने लिहिले आहे की, रोज चार-पाच शस्त्रक्रियांना त्यांना सी-आर्म, म्हणजे शस्त्रक्रिया चालू असताना पडद्यावर एक्स-रे चित्र दाखवणारे ‘सी’ अक्षराच्या आकाराचे यंत्र, चालवावे लागते. रुग्णालयात लेड एप्रन, म्हणजे किरण अडवणारे शिशाचे एप्रन, दोनच आहेत; एक सर्जन घालतात, दुसरा त्यांचे सहायक. त्यामुळे या बाई बऱ्याचदा एप्रनशिवाय, यंत्राला खेटूनच उभ्या असतात. सर्वांचे टीएलडी बॅज, म्हणजे अंगावर किती किरण पडले हे मोजणारी कार्डे, कार्यालयातील टेबलाच्या खणात ठेवलेले असतात आणि दर तीन महिन्यांनी तेथूनच तपासणीला जातात. लग्नाला वर्ष झाले आहे, घरात बाळाचा विचार चालू आहे आणि सासूबाईंचे म्हणणे पडले की ही नोकरी सोडून द्यावी. ‘मी सुरक्षित आहे का, आणि नसेन तर काय करू?’ असे त्यांनी विचारले आहे.

आपण ज्या पद्धतीने काम करत आहात ती पद्धत सुरक्षित नाही. परंतु त्यासाठी नोकरी सोडण्याची गरज मला दिसत नाही. या दोन विधानांमध्ये विरोध का नाही, हे समजून घेण्यासाठी किरण आपल्यापर्यंत कोणत्या वाटेने येतात हे पाहावे लागेल, कारण तेथे गैरसमज फार आहेत आणि ते केवळ सासूबाईंचेच नाहीत. तीस वर्षांच्या नोकरीत मी ते चांगल्या नावाजलेल्या डॉक्टरांकडूनही ऐकले आहेत.

पहिला गैरसमज शब्दाचा आहे. मराठी वर्तमानपत्रे अणुभट्टीतील गळतीलाही ‘किरणोत्सर्ग’ म्हणतात आणि एक्स-रे यंत्रातून निघणाऱ्या किरणांनाही तेच म्हणतात, त्यामुळे वाचणाऱ्याला वाटते की एक्स-रेच्या खोलीत काहीतरी साचून राहते, भिंतींना, कपड्यांना चिकटते आणि घरी येते. तसे काहीही होत नाही. नळीला विजेचा उच्च दाब मिळतो तेवढाच वेळ एक्स-रे निर्माण होतात, पायाखालचे पेडल सोडले की थांबतात, आणि त्यानंतर खोलीत, रुग्णात किंवा आपल्या साडीत त्यांचा अंशही उरत नाही. न्यूक्लिअर मेडिसिनची गोष्ट वेगळी आहे. तेथे टेक्नेशियम-९९एमसारखे किरणोत्सर्गी औषध रुग्णाला टोचतात, त्याची तीव्रता निम्मी व्हायला सहा तास लागतात आणि ते विरेपर्यंत तो रुग्ण स्वतःच किरण देत असतो. आपल्या कामात तसा प्रसंग येत नाही. ऑपरेशन संपल्यावर सी-आर्म पुसणाऱ्या मावशींना त्या यंत्रापासून भय नाही, हे त्यांनाही सांगावे, कारण त्या घाबरून लांबूनच फडके फिरवतात आणि यंत्रावर रक्ताचे डाग तसेच राहतात, असे मी पाहिले आहे.

दुसरा गैरसमज अधिक महत्त्वाचा आहे. बहुतेकांना वाटते की किरण यंत्रातून थेट आपल्या अंगावर येतात. वास्तविक नळीला शिशाचे कवच असते आणि मुख्य झोत बाहेर पडायला एकच झरोका असतो. हात त्या झोतात घातला नाही तर मुख्य झोताचा आपल्याशी संबंध येत नाही. आपल्याला मिळतो तो जवळजवळ सगळा डोस, म्हणजे किरणांची मात्रा, रुग्णाच्या शरीरातून विखुरून येतो. पावसाळ्यात घाटातून जाताना गाडीच्या दिव्याचा झोत धुक्यात शिरला की धुकेच उजळून निघते आणि तो उजेड सगळ्या बाजूंना पसरतो, तसे हे आहे. टेबलावरचा रुग्ण हे आपले धुके. जेवढा मोठा भाग आपण उजळवू, जेवढा तो भाग जाड असेल आणि जेवढा जास्त वेळ उजळवू, तेवढा विखुरलेला उजेड आपल्या अंगावर जास्त येईल. पुढे जे काही लिहिले आहे ते सगळे या एका गोष्टीतून निघते.

धुक्याचेच उदाहरण पुढे नेतो. धुके सर्वांत प्रखर दिसते ते दिवा ज्या बाजूने शिरतो त्या बाजूला. आत जाता जाता झोत क्षीण होतो. रुग्णाच्या बाबतीतही तसेच घडते. झोत शरीरात जेथे शिरतो तेथे तो सर्वांत तीव्र असतो आणि तेथूनच सर्वाधिक किरण मागे विखुरतात. पलीकडच्या बाजूला पोहोचेपर्यंत शरीराने बहुतेक किरण शोषलेले असतात. म्हणून सी-आर्मची नळी टेबलाखाली आणि डिटेक्टर, म्हणजे किरण टिपून चित्र बनवणारा भाग, वर असावा, म्हणजे विखुरलेले किरण मुख्यतः पायांकडे जातात, चेहऱ्याकडे नाही. आणि म्हणूनच खुब्याच्या शस्त्रक्रियेत बाजूचे चित्र घ्यायला सी आडवा केला जातो तेव्हा नळीच्या बाजूला उभे राहू नये, डिटेक्टरच्या बाजूला जावे. आपण लिहिले आहे की आपण ‘यंत्राच्या बाजूलाच’ उभ्या असता. यंत्राचा मुख्य भाग, त्याची चाके आणि दांडा जेथे असतात तेथे नव्हे, तर त्या क्षणी नळी कोणत्या बाजूला आहे हे पाहून आपली जागा ठरवायची असते. आडव्या स्थितीत ही जागा प्रत्येक ऑपरेशनमध्ये दोन-तीनदा बदलते, आणि ती बदलण्याचा कंटाळा येतो, हे मीही अनुभवलेले आहे.

आता अंतर. ढोबळ नियम असा की रुग्णाच्या त्वचेवर जेवढा डोस पडतो त्याच्या साधारण एक हजारांश एवढा विखुरलेला डोस रुग्णापासून एक मीटरवर मिळतो. अंतर दुप्पट केले की तो चौथाई होतो. हे आकड्यांत मांडून पाहू, कारण आकड्यांशिवाय भीतीही खोटी आणि धीरही खोटा. समजा, एका जाड रुग्णाच्या खुब्याचे काम चालू आहे आणि त्वचेवर मिनिटाला १० मिलिग्रे पडत आहेत (मिलिग्रे हे शोषलेल्या किरणांचे माप, त्याचा हजारावा भाग म्हणजे मायक्रोग्रे). एक मीटरवर उभ्या असलेल्या माणसाला मिनिटाला १० मायक्रोग्रे मिळतील. प्रत्येक शस्त्रक्रियेत चार मिनिटे पेडल दाबलेले राहिले, दिवसाला पाच शस्त्रक्रिया झाल्या आणि वर्षात २५० दिवस काम झाले, तर एकूण ५,००० मिनिटे भरतात. म्हणजे एप्रनशिवाय एक मीटरवर वर्षाला ५० मिलिग्रे. शरीरावरील परिणामाचे माप मिलिसिव्हर्ट आहे, आणि एक्स-रेसाठी ते ५० मिलिसिव्हर्टच धरायला हरकत नाही. तेथून दोन मीटरवर सरकले तर साडेबारा. ०.५ मिलिमीटर शिशाइतक्या क्षमतेचा एप्रन विखुरलेले किरण ९५ टक्क्यांहून अधिक अडवतो, तो घातला तर एप्रनच्या आतील शरीराला एक मीटरवर अडीच, आणि एप्रन घालून दोन मीटरवर उभे राहिले तर सुमारे ०.६ मिलिसिव्हर्ट.

आपल्या देशात अणुऊर्जा नियामक मंडळाने, म्हणजे मुंबईच्या अणुशक्तिनगरातील एईआरबीने, किरणांशी काम करणाऱ्यांसाठी ठरवलेली मर्यादा सलग पाच वर्षांच्या सरासरीने वर्षाला २० मिलिसिव्हर्ट आणि कोणत्याही एका वर्षात ३० मिलिसिव्हर्ट अशी आहे. सामान्य नागरिकासाठी ती वर्षाला १ मिलिसिव्हर्ट आहे. निसर्गाकडून, म्हणजे जमीन, हवा, अन्न आणि आकाशातून येणारा डोस जगाच्या सरासरीने वर्षाला सुमारे २.४ मिलिसिव्हर्ट भरतो. आता वरचे चार आकडे पुन्हा पाहावेत: ५०, साडेबारा, अडीच, ०.६. यंत्र तेच, सर्जन तेच, रुग्ण तेच. फरक पडला तो दीड किलोभर शिशाचा आणि दोन पावलांचा. हे गणित मुद्दाम कडक धरले आहे. मनगट, घोटा, कोपर यांच्या शस्त्रक्रियांत त्वचेवरचा डोस याच्या काही अंशच असतो आणि चांगल्या सर्जनला चार मिनिटे लागतही नाहीत. तरीही वर्षभर एप्रनशिवाय खेटून उभे राहणे ही किरकोळ बाब नाही, हे त्यातून दिसते.

‘दीड किलो’ वाचून कोणी अनुभवी तंत्रज्ञ हसतील. पुढून-मागून झाकणारा पूर्ण एप्रन त्याच्या तिप्पट-चौपट भरतो आणि दिवसाअखेरीस खांदे बधिर होतात. त्यावर उपाय म्हणजे दोन भागांचा, जाकीट आणि घागरा असा एप्रन घ्यावा, त्यातील निम्मा भार कमरेवर येतो. तो पाठीकडे फिरूनही झाकतो. फक्त पुढून झाकणाऱ्या एप्रनची मोठी अडचण अशी की सी-आर्म ढकलायला, मॉनिटर वळवायला किंवा ट्रॉलीवरून काही द्यायला तंत्रज्ञ वळतो आणि नेमके त्याच वेळी सर्जनचा पाय पेडलवर असतो. मग मागची उघडी पाठ धुक्याकडे होते आणि पुढचा एप्रन उलट शरीरातून पार झालेले किरण अडवत बसतो. शस्त्रक्रियागृहात पाठ वळवण्यापूर्वी ‘सर, थांबा’ म्हणण्याचे धैर्य हवे. पेडल आपल्या पायाखाली असेल तर त्याहून उत्तम. गळ्यासाठी थायरॉईड कॉलर वेगळी घ्यावी लागते आणि ती घ्यावी.

एप्रन नुसता असून भागत नाही. एकदा आमच्याकडचे पाचही एप्रन मी एक्स-रे टेबलावर पसरून त्यांच्या फिल्म काढल्या. चार ठीक होते. पाचवा, जो सर्वांत नवा दिसत होता आणि म्हणून सगळे जो आधी उचलत, त्याच्या पांढऱ्याशुभ्र चित्रावर छातीच्या उंचीला वीतभर काळी रेघ होती, आणि तिला फुटलेल्या दोन बारीक शाखा. तो एप्रन रोज स्टुलावर अर्धा दुमडून टाकला जात असे आणि घडी नेमकी तेथेच पडत असे. बाहेरच्या निळ्या कापडाला एक सुरकुतीसुद्धा नव्हती. तेव्हापासून एप्रन जाड गोल दांडीवर टांगायचे, घडी घालायची नाही आणि वर्षातून एकदा प्रत्येकाचे चित्र काढून तारखेसह जपायचे, हा नियम मी नोकरी संपेपर्यंत पाळला. आपल्याकडे तर एक्स-रे यंत्र हाताशीच आहे. रविवारच्या अर्ध्या तासाचे काम आहे.

हातमोज्यांविषयीही सांगितले पाहिजे, कारण काही सर्जन ते घालून हात झोतात ठेवतात आणि आपण सुरक्षित आहोत असे मानतात. सी-आर्ममध्ये पडद्यावरचा उजेड सारखा राखणारी स्वयंचलित व्यवस्था असते. शिशाचा मोजा झोतात आला की यंत्राला वाटते चित्र काळवंडले, आणि ते केव्ही, म्हणजे नळीला मिळणारा विजेचा दाब, वाढवून जास्त किरण सोडते. मोजा जे वाचवतो त्यातील बराच भाग असा परत जातो, शिवाय रुग्णाला आणि आजूबाजूच्या सर्वांना जास्त मिळते. हात झोताबाहेर काढणे हाच मार्ग. ज्यांच्याकडे मी शिकलो त्यांच्या उजव्या हाताच्या नखांवर उभ्या खाचा होत्या आणि बोटांची कातडी चैत्रातल्या जमिनीसारखी कोरडी पडलेली होती. तरुणपणी अंधाऱ्या खोलीत पडद्यावर पाहत हाड बसवताना ते रुग्णाचा हात स्वतः धरून ठेवत असत. राँटगेनने १८९५ च्या नोव्हेंबरात हे किरण शोधले आणि १९०४ मध्ये एडिसनचा सहायक क्लॅरेन्स डॅली हात गमावून त्यातच दगावला. म्हणजे हातांचा हा धडा आपल्या व्यवसायाइतकाच जुना आहे.

आता सर्जनशी कसे बोलावे. लहान गावात सर्जन हेच मालक असतात, आणि ‘सर, मला जास्त किरण लागतात’ असे म्हटले की ते तक्रारीसारखे वाटते. माझा अनुभव असा की चित्राच्या बाजूने बोलावे. डिटेक्टर रुग्णाच्या जितका जवळ आणि नळी जितकी लांब, तितके चित्र रेखीव येते आणि डोसही कमी होतो. कोलिमेटरने, म्हणजे नळीच्या तोंडाशी झोत अरुंद करणाऱ्या झडपांनी, झोत आवळला की उजळणारे धुके कमी होते, म्हणून चित्रातला धुरकटपणा जातो आणि आपल्याकडे येणारेही घटते. तेव्हा ‘सर, डिटेक्टर आणखी खाली घेते आणि जरा आवळते, स्क्रू स्वच्छ दिसेल’ असे म्हटले तर नाही म्हणणारा सर्जन मला अजून भेटलेला नाही. त्याचप्रमाणे सतत पेडल दाबून धरण्याऐवजी शेवटचे चित्र पडद्यावर टिकवून त्यावर पाहत काम करावे, आणि सोय असेल तेथे स्पंदित पद्धत, म्हणजे किरण सलग न सोडता तुटक सोडण्याची पद्धत, वापरून सेकंदाला १५ ऐवजी साडेसात स्पंदने ठेवावीत. डोस ढोबळमानाने निम्मा होतो आणि हाडांच्या कामात डोळ्याला फरक जाणवत नाही. चित्र मोठे करून दाखवण्याचे बटण मात्र जपून वापरावे, त्याने डोस वाढतो. प्रत्येक वेळी पेडल दाबण्यापूर्वी ‘शूट’ असे मोठ्याने म्हणण्याची पद्धत लावावी. ते ऐकून सिस्टर, वॉर्डबॉय आणि आपण दोन पावले मागे जाल. भूलतज्ज्ञांना मागे जाता येत नाही, त्यांच्यासाठी चाकांचा शिशाचा पडदा मागून घ्यावा.

ऑपरेशन संपल्यावर यंत्रावर किती मिनिटे आणि बहुतेक नव्या यंत्रांवर एकूण किती डोस सोडला गेला हे दिसते. ते वहीत लिहून ठेवण्याची सवय लावून घ्यावी: तारीख, शस्त्रक्रिया, मिनिटे, आकडा, आपण एप्रन घातला होता की नाही. आपल्या मागच्या दोन वर्षांचा हिशेब आज कोणी देऊ शकणार नाही, कारण साक्षीदार खणात होता. पण यापुढचा देता येईल, आणि बॅजचा अहवाल कधी चुकीचा वाटला तर ही वही उपयोगी पडेल.

बॅज म्हणजे कवच नव्हे, हे आपल्याला माहीत असेलच. पण ते खणात का ठेवले जातात याचे खरे कारण मी पुष्कळ ठिकाणी ऐकले आहे: ‘हरवला तर दंड’, किंवा त्याहून वाईट म्हणजे ‘जास्त आला तर चौकशी’. त्या छोट्या कार्डात डिस्प्रोशियम मिसळलेल्या कॅल्शियम सल्फेटच्या तीन चकत्या असतात. किरणांची ऊर्जा त्या स्फटिकांत अडकून राहते आणि प्रयोगशाळेत चकती तापवली की ती उजेडाच्या रूपाने बाहेर पडते; जितका उजेड, तितका डोस. तीन चकत्यांवर वेगवेगळी झाकणे असल्यामुळे किरण कोणत्या प्रकारचे होते हेही कळते. कार्ड छातीवर, एप्रनच्या आत लावायचे असते. दुसऱ्याचे वापरायचे नाही, दुसऱ्याला द्यायचे नाही, आणि काम संपले की खोलीबाहेर, नियंत्रण कार्डाजवळ, म्हणजे तुलनेसाठी कोणीही न वापरता ठेवलेल्या कार्डाजवळ, ठेवायचे.

या शेवटच्या वाक्यातील ‘खोलीबाहेर’ मी स्वतःच्या फजितीतून शिकलो. नोकरीच्या चौथ्या वर्षी माझ्या नावाने एका तिमाहीचा डोस १० मिलिसिव्हर्टच्या वर आला. चौकशीचे पत्र आले, साहेबांनी बोलावले, आईने रात्रभर डोळा लावला नाही. बरीच उलटतपासणी झाल्यावर उलगडा झाला की उन्हाळ्यात मी पांढरा कोट काढून छातीच्या स्टँडशेजारच्या खिळ्याला टांगत होतो, आणि बॅज त्या कोटाला होता. मी पडद्याआड उभा राहून छातीचे फोटो काढत होतो आणि माझा कोट रोज शंभर फोटो काढून घेत होता. असे खोटे डोस निदानाच्या क्षेत्रात अपवाद नाहीत. खणात ठेवलेला बॅज मात्र उलट्या दिशेने खोटे बोलतो, आणि तो खोटेपणा कोणालाच सापडत नाही. कर्मचाऱ्यांना बॅज पुरवणे ही मालकाची जबाबदारी आहे असे २००४ च्या किरणसुरक्षा नियमांत धरलेले आहे. आपण तो मागणे म्हणजे उपकार मागणे नाही.

आपण वॉर्डातले आणि ओपीडीतले साधे एक्स-रेही काढत असालच. तेथे पडद्यामागे उभे राहिलात तर आपला डोस नगण्य असतो, म्हणून त्यावर मी थोडेच लिहितो. दार लोटून घ्यावे, ट्रॉली आडवी आली म्हणून उघडे ठेवू नये. लहान मूल धरायला आपण किंवा वॉर्डबॉय रोज उभे राहू नये; बरोबरच्या नातेवाइकाला एप्रन घालून धरायला सांगावे, आणि ती बाई गरोदर नाही याची आधी खात्री करावी. पोर्टेबल, म्हणजे खाटेशेजारी यंत्र नेऊन एक्स-रे, काढताना बटणाची दोरी पूर्ण सोडून दोन मीटर मागे जावे. एक गोष्ट मात्र सांगितल्याशिवाय राहवत नाही. फिल्मच्या जमान्यात जास्त एक्सपोजर दिले की फिल्म काळी पडायची आणि सिनिअर ओरडायचे, त्यामुळे हात आपोआप आवरत असे. सीआर आणि डीआर या डिजिटल पद्धती आल्यापासून जास्त दिलेले चित्र उलट अधिक गुळगुळीत दिसते, कमी दिलेले दाणेदार दिसते, आणि रेडिओलॉजिस्ट फोन करतात ते दाणेदार चित्रासाठीच. मग एमएएस, म्हणजे सोडल्या जाणाऱ्या किरणांचे प्रमाण ठरवणारा आकडा, हळूहळू चढत जाते आणि कोणाच्या लक्षातही येत नाही. प्रत्येक चित्राशेजारी एक्सपोजर इंडेक्सचा, म्हणजे डिटेक्टरपर्यंत किती किरण पोहोचले हे सांगणारा, आकडा येतो. तो वाचण्यासाठी असतो. तरुण तंत्रज्ञांपैकी फार थोडे तो वाचतात, असे माझे स्पष्ट मत आहे.

आता बाळाचा प्रश्न, ज्यासाठी आपण मुळात लिहिलेत. त्याचे तीन वेगळे भाग करावे लागतील, कारण घरच्या चर्चेत ते एकत्र होतात.

आतापर्यंतच्या कामामुळे मूल होण्यात अडचण येईल का? स्त्रीच्या बीजांडकोशांवर कायमचा परिणाम व्हायला काही ग्रे, म्हणजे काही हजार मिलिग्रे लागतात. वरच्या कडक हिशेबात धरलेले ५० मिलिग्रे खरे मानले तरी त्याच्या जवळपासही आपण पोहोचत नाही. पुरुष तंत्रज्ञांनाही हाच प्रश्न पडतो. त्यांच्या बाबतीत तात्पुरत्या परिणामासाठीसुद्धा एका वेळी सुमारे १०० मिलिग्रे थेट त्या अवयवावर पडावे लागतात.

आधी मिळालेल्या डोसमुळे पुढे होणाऱ्या बाळात दोष येतील का? हिरोशिमा आणि नागासाकी येथे वाचलेल्या लोकांच्या, बाँबनंतर गर्भधारणा झालेल्या मुलांचा अनेक दशके अभ्यास झाला आहे आणि त्यांच्यात आईबापांच्या डोसमुळे आनुवंशिक दोष वाढल्याचे आढळलेले नाही. त्या आईबापांपैकी अनेकांचे डोस आपल्याशी तुलना होऊ नये इतके मोठे होते. सासूबाईंना हे सांगता येईल.

तिसरा भाग गर्भारपणातला, आणि खरी काळजी तेथे घ्यायची आहे. पोटातील बाळ कर्मचारी नाही, म्हणून त्याला नागरिकासारखी मर्यादा लागू होते: गरोदर असल्याचे कळवल्यापासून उरलेल्या काळासाठी १ मिलिसिव्हर्ट. गर्भात व्यंग निर्माण होण्याची शक्यता सुमारे १०० मिलिग्रेच्या खाली दिसत नाही, तेव्हा ही मर्यादा किती आत राखून ठेवली आहे हे लक्षात येईल. मात्र आपल्या गणितातील चौथा आकडा, एप्रनसह दोन मीटरवरचा वर्षाला ०.६, हाच तिच्या आत नीट बसतो. बाकी तीन बसत नाहीत. म्हणून गर्भधारणेचा विचार सुरू झाला की लगेच, म्हणजे आजपासूनच, फिरून झाकणारा एप्रन आणि दोन मीटर या दोन गोष्टी पक्क्या कराव्यात; पहिले काही आठवडे स्वतःलाही कळत नाही, हे ध्यानात ठेवावे. पाळी चुकून चाचणी सकारात्मक आली की लेखी कळवावे, कारण मर्यादा कळवल्यापासून लागू होते. पोटाच्या उंचीला, एप्रनच्या आत, दुसरा बॅज मागावा. आणि त्या काळात सी-आर्मऐवजी पडद्यामागच्या एक्स-रेचे काम मिळाले तर ते घ्यावे. हे कायद्याने घरी बसवण्याचे कारण नाही. गरोदर आहे म्हणून कामावरून कमी करणे योग्य नाही, कामाचे स्वरूप बदलून देणे योग्य आहे. आमच्या विभागातील दोघी सहकारी आठव्या महिन्यापर्यंत ओपीडीत फोटो काढत होत्या आणि दोघींच्या पोटावरच्या बॅजचा अहवाल शून्य आला.

गूळ, दूध, केळी खाऊन किरण ‘उतरतात’ असे कोणी सांगितले तर गूळ गोड म्हणून खावा. दर महिन्याला रक्त तपासून मन शांत करण्यातही अर्थ नाही, कारण रक्तपेशींच्या मोजणीत फरक दिसायला काही शे मिलिग्रे एकदम लागतात. आपल्या पातळीवर ती तपासणी काहीच सांगत नाही, हिमोग्लोबिन तेवढे कळेल.

राहिला एप्रनचा प्रश्न. ‘एप्रन दोनच आहेत’ हे उत्तर होऊ शकत नाही. शस्त्रक्रियागृहात किरण चालू असताना जितकी माणसे जवळ थांबणार, तितके एप्रन हवेत. एक एप्रन आणि एक कॉलर यांची किंमत रुग्णालयाला एका साध्या शस्त्रक्रियेच्या बिलापुढे जाणवणारी नसते. आपल्या रुग्णालयाच्या परवान्यावर किरणसुरक्षा अधिकारी म्हणून कोणाचे तरी नाव असणारच. बऱ्याच ठिकाणी ते स्वतः डॉक्टरांचेच असते आणि त्यांना ते आठवतही नसते. त्यांच्या नावे तीन ओळींचे पत्र द्यावे: एक एप्रन व थायरॉईड कॉलर हवी, बॅज कामाच्या वेळी अंगावर हवा, आणि यंत्राची गुणवत्ता तपासणी, जी दर दोन वर्षांनी व्हायला हवी, ती शेवटची कधी झाली हे कळावे. पत्राची प्रत आपल्याजवळ ठेवावी. एप्रन येईपर्यंत सहायक डॉक्टरांना गरज नसेल तेव्हा त्यांचा मागून घ्यावा, आणि तोही मिळाला नाही तर डिटेक्टरच्या बाजूला, टेबलापासून दोन मीटरवर उभे राहून सर्जनना पेडल स्वतः दाबायला सांगावे. शस्त्रक्रियागृहाच्या फरशा बहुधा दोन फुटी असतात. टेबलाच्या कडेपासून साडेतीन फरशा मोजल्या की दोन मीटर भरतात.